गुरुवार मंडळाची लुडेला टार्व्हर

लुडेला टार्व्हरचा डावा कान आठव्या वर्षीच गेला. शेवटच्या वेचणीचे दिवस होते. बोंडं उकलून रानात लोंबत होती आणि ही पोरगी कमरेची झोळी तशीच टाकून चर्चच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली होती. आत एक म्हातारा पाद्री सात-आठ काळ्या पोरांकडून अक्षरं म्हणवून घेत होता. लुडेलाही बाहेरून ओठ हलवत होती. मागून घोडा आला तो तिला कळलाच नाही. मुकादमानं चाबकाची उलटी, लाकडी मूठ कानशिलावर हाणली. ती भिंतीवर आदळून खाली पडली तेव्हा आतल्या पोरांचा आवाज गप्प झाला होता, की तिचंच ऐकू येणं बंद झालं होतं, हे तिला पुढे कधी सांगता आलं नाही.

तिची आई दोन सऱ्या पलीकडे वेचत होती. तिनं पाठ सरळ करून पाहिलं आणि पुन्हा वाकली. ओरडली नाही. संध्याकाळी पोरीच्या मानेवरचं रक्त पुसताना एवढंच म्हणाली, "बघितलंस ना? तिथं उभं राहिलं की असं होतं."

अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जियातल्या त्या मुलखात आयांना पोरींना एवढंच शिकवता यायचं.

पुढे लुडेलाचं लग्न झालं. नवरा ऑरेन लाकडाच्या गिरणीत होता. यंत्राचा पट्टा तुटून ऑरेन करवतीत ओढला गेला. गिरणीच्या मालकानं त्याची टोपी तेवढी घरी पाठवली, त्यावरचा डाग धुवायचीही तसदी घेतली नाही. दोन बाळंतपणं झाली होती, दोन्ही मुलं मातीआड गेली. बत्तिसाव्या वर्षी ती एकटी हार्लो गावात आली आणि गोऱ्यांचे कपडे धुऊ लागली. तीन पायांचा काळा लोखंडी हंडा, राखेच्या खाराचा साबण, हिकरीच्या लाकडाचं जाडजूड धोपाटणं. तिच्या दंडाकडे पाहून गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "लू, तुझ्याशी भांडण नको गं बाई."

हार्लोत घरकामाला जाणाऱ्या काळ्या बायकांना गुरुवारी दुपारनंतर सुट्टी असे. म्हणून त्यांचं मंडळ गुरुवारी भरायचं आणि त्याला सगळे गुरुवार मंडळच म्हणायचे. ते काढलं वश्ती हॉलोमननं. ही डॉक्टरांच्या घरी स्वयंपाकाला होती. बाई आडव्या अंगाची, आवाज असा की चर्चच्या शेवटच्या बाकावर डुलकी घेणारा दचकून उठावा. तिला लिहितावाचता येत होतं. काळ्या पोरांसाठी धड शाळा काढायची, एवढाच तिचा ध्यास होता.

लुडेला पहिल्यांदा गेली तेव्हा दारातच वश्तीनं विचारलं, "नाव?"

"लू."

"पूर्ण नाव विचारतेय मी. मांजर आहेस का?"

"लुडेला टार्व्हर."

"मिसेस टार्व्हर, या. बसा." मग सगळ्यांकडे वळून म्हणाली, "गावात आपल्याला कुणी मिसेस म्हणत नाही. पोरगी म्हणतात, म्हातारी म्हणतात, केस पिकले की मावशी म्हणतात, तेही स्वस्तात मिळतं म्हणून. इथं एकमेकींना मिसेस म्हणायचं. चुकेल तिनं पुढच्या वेळी रताळी भाजून आणायची."

पहिले दोन महिने रताळ्यांना तोटा नव्हता.

त्या बायकांनी गोधड्या शिवून विकल्या, शनिवारी मासे तळून विकले, आणि चर्चच्या मागच्या टेकाडावर दोन खोल्यांची शाळा उभी केली. फळ्या त्यांनीच वाहिल्या. अटलांटाहून मिस पेटिस नावाची बारीक, चष्म्यावाली शिक्षिका आणली. ती आळीपाळीनं एकेकीकडे राहायची. लुडेलाकडे राहिली तेव्हा म्हणाली, "मिसेस टार्व्हर, तुम्हाला शिकवू का?"

"माझं राहू दे, बाई. पोरांचं बघा. माझं डोकं आता साबणानं भरलंय." पण त्या रात्री कितीतरी वेळ तिला झोप लागली नाही.

शाळा वर्षाचे तीन महिने चालायची. वेचणी संपली की उघडायची आणि नांगरट आली की बंद. १९१९ साली मंडळानं ठरवलं, यंदा सप्टेंबरपासून उघडायची. म्हणजे ऐन वेचणीत. त्या वर्षी कापसाला भाव होता, आणि युद्धावरून परतलेली काळी माणसं मान वर करून चालतात म्हणून गोरे आधीच चिडलेले होते. सगळ्यात मोठं रान रॅफ डनवुडीचं. त्यानं चर्चमध्ये निरोप धाडला: शेवटचं बोंड वेचून होईपर्यंत शाळेचं दार उघडलेलं दिसता कामा नये.

मंडळानं हात वर करून मत घेतलं. बावीस हात वर झाले. एकही खाली राहिला नाही.

ऑगस्टच्या अखेरीस भर दुपारी मिस पेटिसला स्टेशनच्या रस्त्यावर गाठलं. तीन माणसं होती, तोंडं उघडी. लपवायचं कशाला? खेचराच्या साजाचा पट्टा काढला आणि तिला कुंपणाच्या खांबाला धरून मारलं. लुडेला धुतलेले कपडे पोचवून परत येत होती, तिलाच ती सापडली. पाठीवर कापड कुठलं आणि कातडं कुठलं ते कळत नव्हतं. चष्मा मात्र तिनं मुठीत घट्ट धरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तिला पालथी झोपवून गाडीनं अटलांटाला पाठवावं लागलं.

त्या गुरुवारी मंडळ भरलं. वश्ती उठली. "सोमवारपासून मी शिकवते."

"आणि डॉक्टरीणबाईंचा स्वयंपाक?"

"तिला हात आहेत की."

"ते शाळा जाळतील, मिसेस हॉलोमन," कुणीतरी म्हणालं.

तेव्हा लुडेला बोलली. मंडळात ती फारशी बोलत नसे. "गावातल्या सगळ्या गोऱ्यांचे कपडे आपण अकराजणी धुतो. आपले हंडे शाळेच्या अंगणात मांडू. दोऱ्याही तिथंच बांधू. डनवुडीच्या बायकोच्या चादरी शाळेभोवती वाळत असतील, तर तो काडी लावेल का?"

वश्ती हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "अगं लू! कुठं ठेवली होतीस ही अक्कल?"

"रताळं," मागून कुणीतरी म्हणालं.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी शाळा उघडली. अंगणात अकरा हंडे उकळत होते. शेरीफचे सदरे, पाद्र्याचे टेबलपोस, डनवुडींच्या चादरी, सगळं शाळेभोवती दोऱ्यांवर फडफडत होतं. आत वश्ती गरजत होती. नऊ दिवस घोड्यावरची माणसं यायची, कुंपणापाशी थांबायची, थुंकून परत जायची.

दहाव्या दिवशी सकाळी डनवुडीचा मुकादम क्लेम स्ट्रिकलंड चार माणसं आणि एक रिकामी गाडी घेऊन आला. काडी लावायला नव्हता आला. पोरं उचलून रानात न्यायला आला होता. वश्ती दारात आडवी उभी राहिली. एकानं बंदुकीचा दस्ता तिच्या तोंडावर मारला. दात तुटून पायरीवर पडले, ती गुडघ्यांवर आली, तरी चौकटीवरचा हात सोडला नाही. तिला ओलांडून स्ट्रिकलंड आत गेला आणि एका पोरीला केसांना धरून फरफटत बाहेर घेऊन आला. ती वश्तीचीच मुलगी होती, बारा वर्षांची डेल्फीन. तिच्या टाचा अंगणाच्या मातीत रेघा ओढत होत्या.

लुडेलाच्या हातात बादली होती. हंड्यातून नुकतीच काढलेली, खाराची, खदखदणारी. तिनं ती त्याच्या मानेवर आणि पाठीवर रिकामी केली.

असा आवाज माणसाच्या गळ्यातून निघतो हे तिथं कुणाला माहीत नव्हतं. त्यानं केस सोडले. सदरा ओढून काढायला गेला तर सदऱ्याबरोबर कातडंही निघालं. तो पडला, लोळायला लागला. डेल्फीन सुटून आईकडे सरपटली. इथं थांबता आलं असतं. लुडेला थांबली नाही. तिनं धोपाटणं उचललं आणि पडलेल्या माणसाला धोपटायला लागली. आधी हातावर, मग गुडघ्यावर, मग जिथं लागेल तिथं, एका लयीत, जसा चिखलाचा कपडा धोपटतात तसं. हाड मोडल्याचं तिला मनगटात जाणवलं. दोघींनी मिळून तिला मागं ओढलं तेव्हा तिच्या अंगात अजून जोर होता.

बाकीच्या चौघांनी बंदुका वर केल्या, पण समोर दहा बायका दहा वाफाळत्या बादल्या घेऊन उभ्या होत्या आणि अंतर फार नव्हतं. त्यांनी विव्हळणाऱ्या स्ट्रिकलंडला पोरांसाठी आणलेल्या गाडीत घातलं आणि निघून गेले.

"आता ते सगळे येतील," वश्ती रक्त थुंकत म्हणाली. "लू, तू निघ."

"मी कुठं जाणार? मी केलंय, मी भोगीन."

"भोगायची हौस नंतर भागव. तू सापडलीस तर तुला जाळतील आणि मग त्यांना चटक लागेल. ऊठ!"

धुण्याच्या हातगाडीत, मळक्या कपड्यांच्या गाठोड्यांखाली घालून दोन बायकांनी तिला बारा मैलांवरच्या छोट्या स्टेशनावर पोचवलं. डनवुडीच्या पोराचे मोजे नाकाशी घेऊन ती हार्लोबाहेर पडली. उत्तरेत, ओहायोत, सिनसिनाटीला एका चुलतबहिणीच्या ओळखीनं वाफेच्या धुलाई कारखान्यात लागली.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. लुडेलाला ते वाचता येईना. पाकिटावर आपलं नाव असेल एवढं तिला कळत होतं. शेजारच्या खोलीत एक शिवणकाम करणारी बाई होती, मिस कॉर्डी. तिच्याकडे गेली. कॉर्डीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, दोन ओळींनंतर थांबली. "बसतेस का?" म्हणाली.

"वाचा."

"अगं, पण..."

"वाचा म्हणते ना."

पत्र डेल्फीनचं होतं. बारा वर्षांच्या मुलीनं लिहिलं होतं, आईनं शिकवलेल्या अक्षरांत. *त्यांनी आईला विचारलं तू कुठं आहेस. तिनं सांगितलं नाही. तिला विहिरीच्या रहाटाला बांधलं. मी घराच्या फळ्यांखाली लपले होते, मला दिसत होतं. ते मारायचे आणि विचारायचे. ती म्हणाली, हंडा आपोआप कलंडला. तिसऱ्या दिवशी ती गेली. शाळा जाळली. चादरी आधी काढून घेतल्या. आम्ही आता चर्चच्या तळघरात बसतो, मंडळाच्या मिसेस यान्सी शिकवतात. तू परत येऊ नकोस. डेल्फीन हॉलोमन.*

कॉर्डीनं पत्राची घडी केली. लुडेला उठली, आपल्या खोलीत गेली आणि भिंतीवर डोकं आपटायला लागली. कपाळ फुटलं तरी आपटत होती. कॉर्डीनं मधे उशी धरली म्हणून वाचली.

ती सावरली तेव्हा पहिलं काम तिनं हे केलं, की रविवारी चर्चनंतर मोठ्या माणसांच्या वर्गात नाव घातलं. शिकवणाऱ्यानं विचारलं, "या वयात का शिकायचंय?"

"ते पत्र मला परक्या बाईच्या तोंडून ऐकावं लागलं," ती म्हणाली. दोन वर्षांत ती ते स्वतः वाचू लागली. कितीदा वाचलं त्याला गणती नाही. घड्यांवर कागद फाटला.

अकरा वर्षं गेली. बोंडअळीनं डनवुडीचं रान खाल्लं, त्यानं जमीन विकून गाव सोडलं. लुळा झालेला स्ट्रिकलंड दारू पिऊन मेला. १९३० च्या वसंतात लुडेला परत आली. सामान आपल्या जुन्या गल्लीत ठेवलं आणि गुरुवारी दुपारी सरळ चर्चमध्ये गेली.

मंडळ भरलं होतं. पुढं टेबलाशी उभी असलेली तरुण बाई तिनं आवाजावरूनच ओळखली. आईचाच आवाज. डेल्फीन आता शाळेची शिक्षिका होती. शाळा पुन्हा बांधली होती, विटांची.

म्हाताऱ्या बायका "लू! अगं, लू आली!" म्हणत उठल्या. डेल्फीन उठणाऱ्यांच्या मधून चालत आली आणि तिनं लुडेलाच्या थोबाडीत मारली. एकदा, मग दुसऱ्यांदा. दुसऱ्या वेळी ओठ फुटला.

"डेल्फीन!" मिसेस यान्सी ओरडल्या. "तिनं तुला सोडवलं होतं!"

"मी मागितलं होतं का? मला रानात नेलं असतं. मी कापूस वेचला असता. आई जिवंत असती!" तिनं हात पुन्हा उगारला. "येऊ नकोस म्हणून लिहिलं होतं ना?"

"लिहिलं होतंस," लुडेला म्हणाली. रक्त हनुवटीवरून गळ्यात उतरत होतं, ते तिनं पुसलं नाही. "आता मला वाचता येतं. अजून मारायचं असेल तर मार. पण इथून घालवू नकोस. काहीतरी काम दे."

डेल्फीन वळली, टेबलाशी गेली. पाठमोरीच वह्यांची चळत सारखी केली. "शाळेचे संडास कुणी धूत नाही," ती शेवटी म्हणाली.

लुडेलानं चार वर्षं ते धुतले. शिवाय पोरांसाठी चवळी शिजवायची, मक्याची भाकरी भाजायची. रविवारी दुपारी गावातल्या न शिकलेल्या बायकांना घेऊन बसायची. स्वतः अडखळत वाचायची आणि त्यांना वाचायला लावायची. "ए, 'पी' म्हणजे नुसतं पीचचं फळ नाही गं. संत पॉलही त्याच अक्षरानं सुरू होतो. बायबल उघड." डेल्फीन तिच्याशी कामापुरतं बोलायची. "हंडा घासा." "पाणी आणा." नावानं हाक कधी मारली नाही.

१९३४ साली मंडळानं काळ्या मुलांसाठीही बस हवी असा अर्ज काउंटीच्या कचेरीकडे केला. त्याचं उत्तर एका मंगळवारी दुपारी दोन वाजता आलं. रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि शाळेच्या खिडकीतून पाच गोळ्या आल्या. लुडेला भाकऱ्या वाटत होती. तिनं पुढच्या बाकावरच्या दोन मुली पोटाखाली घेतल्या. एक गोळी तिच्या मांडीत घुसली, एक फळ्यात. काळा डॉक्टर चाळीस मैलांवरून यायला वेळ लागला. तोवर डेल्फीन दोन्ही हातांनी जखम दाबून बसली होती, कोपरांपर्यंत रक्तानं माखलेली. "मरायचं नाही," ती दातओठ खात म्हणत होती. "माझ्या शाळेत आता कुणी मरायचं नाही, कळलं?"

लुडेला मेली नाही. लंगडी झाली. बस मिळाली नाही. मुली पायी येत राहिल्या.

१९३८ च्या उन्हाळ्यात शाळेच्या दोन मुली शिक्षिका व्हायला कॉलेजला निघाल्या. हार्लोच्या काळ्या वस्तीतून पहिल्याच. चर्चमध्ये निरोपाचं जेवण होतं. आत गाणी चालली होती. डेल्फीन बाहेर पायरीवर आली. तिथं लुडेला वाळवलेल्या शेंगा सोलत बसली होती. डेल्फीन शेजारी बसली, आठ वर्षांत पहिल्यांदा.

"त्यानं माझे केस सोडले होते," ती म्हणाली. "तू धोपाटणं उचललंस तेव्हा."

"हो. माहीत आहे."

"नुसतं पाणी पडलं असतं तर कदाचित त्यांनी अपघात मानला असता. आई म्हणत होतीच, कलंडला म्हणून. पण मोडलेल्या हाडांचं काय सांगणार?"

"हो."

"मग थांबली का नाहीस?"

लुडेलानं हातातली शेंग ठेवली. "थांबावंसं वाटलं नाही. फार बरं वाटत होतं, डेल्फीन. देवाच्या दारात बसलेय, खोटं बोलत नाही. जन्मात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. आणि त्या बरं वाटण्यासाठी तुझी आई मेली. हे मी एकोणीस वर्षं रोज गिळते आणि ते आत राहत नाही, वर येतं."

आतलं गाणं संपून दुसरं सुरू झालं.

"आई शेवटच्या दिवशी शुद्धीवर आली होती," डेल्फीन म्हणाली. "मला विचारलं, सोमवारी पोरं कुठं बसणार? मी म्हटलं तळघरात. बरं म्हणाली. तुझं नाव काढलं नाही. शिवी नाही, आशीर्वाद नाही. तिला तुझ्याबद्दल काय वाटत होतं ते मला माहीत नाही. मी खूप शोधलं, मिळालं नाही."

"मलाही," लुडेला म्हणाली.

मग दोघींनी मिळून शेंगा सोलल्या, कारण आत जेवणारी माणसं पुष्कळ होती.

शाळा पूर्ण नऊ महिने चालायला १९४१ साल उजाडलं. लुडेलानं ते पाहिलं. १९४७ च्या फेब्रुवारीत तिला न्यूमोनिया झाला. मंडळाच्या बायकांनी पाळ्या लावल्या, पण डेल्फीन पाळी नसतानाही यायची, शाळा सुटली की सरळ तिच्याकडे. फारसं बोलणं नसे. कधी वर्तमानपत्र वाचून दाखवायची, कधी नुसती वह्या तपासत बसायची.

एका संध्याकाळी रस्सा भरवताना लुडेलानं तिचा हात धरला. आवाज राहिला नव्हता, ओठ जवळ न्यावे लागत. "माफ केलंस का गं मला?"

डेल्फीननं चमचा वाटीत बुडवला, काठावर निथळू दिला.

"नाही," ती म्हणाली. "तोंड उघडा. थंड होतंय."